खोड सांगून विकायची गाडी

माणूस सरळसरळ वाईट असला की बरं असतं. चार शिव्या हासडून आपण मोकळे होतो. नागनाथ डॉक्टरांनी ती सोय माझ्यासाठी ठेवली नाही. त्यांच्याइतका सज्जन माणूस मी तुळजापुरात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका संतापही मला आजवर दुसऱ्या कुणाचा आला नाही. आता ते इथं राहत नाहीत, लेकीकडं नाशिकला गेले. तरी माझ्या लॉजमागच्या पत्र्याच्या शेडकडं नजर गेली की अजून माझं डोकं तापतं.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी भूमच्या बाजूला, वाड्यावस्त्यांवर फटफटी मारत काढली. रिटायर झाल्यावर माझ्या लॉजच्या मागच्या गल्लीत घर बांधलं आणि ते आणि शकुंतलावहिनी तिथं राहायला आले. मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात ही दोघंच. डॉक्टर अंगानं उंच, शिडशिडीत. शर्टाची उजवी बाही कायम कोपराच्या वर दुमडलेली. गाईम्हशी तपासून तपासून लागलेली सवय. लग्नकार्यात इस्त्रीचा शर्ट असला तरी डावी बाही मनगटाला बटण लावून आणि उजवी वर. फोटोत हा माणूस कुणाशी तरी मारामारीला निघाल्यासारखा दिसे.

समोरच्याकडं बघायची तऱ्हाही तीच. माझ्या लॉजवर सोलापूरकडची बस भरून माणसं उतरली की डॉक्टर कट्ट्यावर बसून त्यांची चाल बघत. "त्या पिवळ्या पातळाच्या बाई उजव्या पायावर भार देईनात बघा. त्यास्नी वरची खोली देऊ नका." मी चिडायचो. खालच्या खोल्या आधीच भरलेल्या असायच्या. पण पाच मिनिटांत ती बाई काउंटरवर येऊन म्हणायची, "दादा, खालची खोली मिळंल का? गुडघा धरलाय."

बोलायला तसे कमीच. एक वाक्य मात्र त्यांच्या तोंडी सारखं असे: "मुकं जनावर हाय, त्याच्या वतीनं आपुनच बोलाय पायजे." पुढं त्यांनी हे वाक्य गाडीलाही लावलं, आणि तिथून आमच्या सगळ्यांच्या नशिबाला ग्रहण लागलं.

गाडीची हकीकत त्यांनी मला कट्ट्यावर बसून सांगितली होती. भूमजवळच्या एका वस्तीवर म्हैस अडली होती. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात, रेडकाचा पाय हाताला लागत नव्हता, घामाच्या धारा लागलेल्या. तेवढ्यात समोरच्या डांबरी रस्त्यावरून एक लाल, बुटकी, दोन दारांची गाडी गेली. "आवाज असा सुभाषराव, की म्हैससुदिक कळा द्यायची थांबली." रेडकू जिवंत निघालं. हात धुता धुता डॉक्टरांनी मनाशी ठरवलं, की नोकरी संपली की आपण असली गाडी घ्यायची. ही गोष्ट त्यांनी फक्त वहिनींना सांगितली होती. वहिनी हसल्या आणि विसरून गेल्या. डॉक्टर विसरले नाहीत.

पुण्याहून कुणाची तरी वापरलेली, परदेशी बनावटीची लाल गाडी ते घेऊन आले, तेव्हा आमची गल्ली रस्त्यावर आली. पुजाऱ्यांची मंडळी देवळातली कामं टाकून बघायला आली. गाडी गल्लीत वळेना, म्हणून ती माझ्या शेडमध्ये लागली, आणि तिथंच राहिली. वहिनींनी हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आन् म्या हिच्यात शिरू कशी?"

पहिली काही वर्षं शिरल्या. दर आठवड्याला दोघं अणदूरला जायची. तिथं वहिनींची थोरली बहीण होती. सगळे तिला अक्का म्हणायचे. आई लहानपणीच गेली, तेव्हा वहिनींना अक्कानंच वाढवलं होतं. वेणीफणी तिनं केली, शाळेत तिनं घातलं, लग्नात कन्यादानाला तीच उभी राहिली. रोज दुपारी भांडी आटोपली की दोघी बहिणी फोनवर बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. आमच्या खिडकीतून ऐकू यायचं ते हसणंच जास्त. पुढं अक्का पडली, खुबा मोडला, आणि अंथरुणाला खिळली. आता तिला तुळजापूरला येणं शक्य नव्हतं. भेटायचं तर वहिनींनीच जायला हवं.

आणि नेमके त्याच सुमाराला वहिनींचे गुडघे गेले.

ती गाडी जमिनीला टेकल्यासारखी. तिच्यात बसायचं म्हणजे आधी पाटावर बसल्यासारखं खाली जायचं आणि मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा. उतरायचं म्हणजे त्याहून कठीण. एकदा देवळाच्या रस्त्यावर, भर मंगळवारच्या गर्दीत, वहिनी अडकल्या. आत बसता येईना, बाहेर निघता येईना. डॉक्टर एका बाजूनं ओढतायत, वहिनी "अहो हळू, हळू" म्हणतायत, भोवती भक्तमंडळी जमलेली. शेवटी परड्या विकणाऱ्या दोन बायकांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. वहिनी घरापर्यंत भिंत धरून चालत आल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता मला हिच्यात बसवू नका. देवीच्या दारात माझा तमाशा झाला."

डॉक्टरांना ते लागलं. त्याच संध्याकाळी मला म्हणाले, "सुभाषराव, गाडी विकायची. हिच्यासाठी उंच गाडी घ्यायची. पंधरा दिवसांत काम झालं पायजे." मला आनंद झाला. मी म्हटलं, धुऊन पुसून उभी करू, लॉजवर शंभर ठिकाणची माणसं येतात, गिऱ्हाईक हां हां म्हणता मिळेल.

त्यानंतर दोन नवरात्रं आली आणि गेली, गाडी माझ्या शेडमध्येच.

अडलं कुठं ते सांगतो, म्हणजे माझा वैताग तुम्हाला कळेल. गाडी चालायला ठणठणीत होती. पण जुनी झाली होती, त्यामुळं किरकोळ काही ना काही होतंच. डाव्या दाराची काच अर्ध्यात येऊन अडकायची. समोर एक पिवळा दिवा कायम पेटलेला असायचा. मागं कुणीतरी ओरखडा काढला होता. वळताना पुढच्या चाकातून कुरकुर यायची. बस, एवढंच. आता प्रश्न असा, की हे दुरुस्त करून विकायची, की आहे तशी विकायची? जगातला कुठलाही माणूस अर्ध्या तासात ह्याचं उत्तर देईल. डॉक्टरांना ते देता आलं नाही, कारण त्यांच्याकडं दोन नियम होते आणि दोन्ही त्यांनी उमेदवारीच्या काळात, जनावरांच्या बाजारात शिकलेले होते.

पहिल्या नियमाची गोष्ट अशी. नोकरीला नुकते लागले होते तेव्हा आठवडी बाजारात एकानं बैल दाखवायला आणला. शिंगं साळून, तेल लावून चकचकीत केलेली. दात कानशीनं घासलेले. डॉक्टरांनी वरवर बघितलं आणि "तब्येत चांगली हाय" म्हणून सांगून टाकलं. त्यांच्या शब्दावर एका माणसानं बैल घेतला. पेरणीच्या दिवसांत तो बैल शेतात औत ओढताना बसला तो उठलाच नाही. म्हातारं जनावर होतं ते. घेणारा माणूस दवाखान्यात आला, भांडला नाही, नुसता बाकावर बसून राहिला. "तो शिव्या देता तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणायचे. तेव्हापासून नियम: विकायच्या आधी जनावराला रंगरंगोटी करायची नाही. जे आहे ते दिसू द्यायचं, आणि खोड तोंडानं सांगायची. आमच्या भागात जुनी माणसं अजून म्हणतात, खोड सांगून दिलेलं जनावर परत येत नाही.

दुसरा नियम त्याच्या उलटा. दुखणं अंगावर असताना जनावर बाजारात न्यायचं नाही. आधी बरं करायचं, मग दावं सोडायचं. आजारी जनावर दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं म्हणजे पाप.

झालं! दुरुस्त केली तर रंगरंगोटी, न केली तर आजारी जनावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी एकदा ओरडलोच, "डॉक्टर, ही गाडी हाय, बैल न्हाय!"

ते शांतपणे म्हणाले, "बैल असता तर बरं व्हतं. बैलाला डोळे असत्यात. बघणाऱ्याला त्यातनं कळतं."

पहिलं गिऱ्हाईक मी आणलं. लातूरकडचा ठेकेदार, नवस फेडायला आला होता. गाडी बघून त्याचा जीव भुलला. आत बसला, स्टिअरिंगवरून हात फिरवला, मुलाला फोटो पाठवला. वहिनी घरात चहाला लागल्या. दुपारच्या फोनवर त्यांनी अक्काला सांगूनही टाकलं होतं, "आज गिऱ्हाईक येनार हाय. या आठवड्यात येते बघ." अणदूरला न्यायची पिशवी भरून दाराच्या मागं टांगलेली मी स्वतः पाहिली होती. त्यात अक्काच्या डोक्याखाली घ्यायला शिवलेलं मऊ गोधडीचं उसं होतं.

ठेकेदारानं विचारलं, "काय साहेब, काही काम निघतं का गाडीला?" असं विचारायची एक रीत असते आणि "किरकोळ" म्हणायचीही एक रीत असते. डॉक्टरांनी बाही आणखी वर सारली. काच सांगितली, दिवा सांगितला, ओरखड्यावर त्याचं बोट नेऊन ठेवलं. कुरकुर ऐकवायला त्याला घेऊन गावाबाहेर दोन चकरा मारून आले. इथवर ठीक होतं. पण मग म्हणाले, "आज न्हाय, पण पुढं क्लचसुदिक जाईल. वय झालं तिचं. बॅटरीचाबी भरवसा धरू नका. आन् तुमची तब्येत जरा दांडगी हाय, तुमास्नी हिच्यातनं उतरताना कंबर धरंल." ठेकेदार चहा न पिताच गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मालक, ह्या माणसाला गाडी विकायची हाय का न्हाय?"

वहिनी कप घेऊन दारात उभ्या होत्या. "झालं का?" त्यांनी विचारलं. मी ठेकेदार गेला त्या रस्त्याकडं हात केला. त्या कप तसेच आत घेऊन गेल्या.

मी डॉक्टरांवर तोंडसुख घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मग म्हणाले, "तुमचं बराबर हाय. आजारी हाय म्हणूनच लोक पळत्यात. आधी बरी करू." आणि सोलापूरच्या सलीम मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली. "साहेब, गाडी पळती का? पळती. थांबती का? थांबती. मग बाकीचं घेणाऱ्यावर सोडा की. काचेची मोटर बाहेरून मागवावी लागंल, कधी येईल सांगता येत न्हाय. त्यो पिवळा दिवा तर सेन्सरचा. आज घालवला तर उद्या परत येईल. यात पैसा घालून तुमास्नी एक रुपया जास्त मिळनार न्हाय."

"पैशाचं कोण बोलतंय?" डॉक्टर म्हणाले.

मोटर मागवली. ती येईना. मध्ये सोलापूरचाच एक तरुण आला. हॉटेल व्यवसायातला, हौशी. सगळ्या खोडी ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "चालतंय काका. आहे तशी द्या. मला आवडली." मी मनातल्या मनात देवीला नारळ बोलून बसलो. वहिनी आतून दारापर्यंत आल्या. डॉक्टर गाडीच्या बॉनेटवर थोपटत होते, म्हशीला धार काढायच्या आधी थोपटावं तसे. मग म्हणाले, "मोटर येऊ द्या. बरी झाल्याबिगर मी देनार न्हाय."

"अहो काका, मला तशीच हवीय!"

"तुमाला चालतंय. मला न्हाय चालत."

तो पोरगा हसत हसत गेला. मी तिथंच खाली बसलो. वहिनी दारातूनच मागं वळल्या. त्या दिवशी दुपारी खिडकीतून हसणं ऐकू आलं नाही. नुसतं "व्हय... व्हय अक्का... येते की... गाडी हुईल आता" एवढंच ऐकू आलं.

कुणी म्हणेल, भाड्याची गाडी करून का नाही नेलं? मी म्हटलं होतं. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं, "आता पंधरा दिवसांत घरची येतीया की!" ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटायचं. माझी जुनी व्हॅन मी देऊ केली. वहिनी दोनदा गेल्याही. पण व्हॅन लॉजच्या कामाची. सकाळी सोडून दुपारी परत आणावी लागे. वहिनींना अक्काजवळ चार दिवस राहायचं होतं, तिचं डोकं विंचरायचं होतं, तिला हुलग्याचं ऊन ऊन कढण पाजायचं होतं. आणि मध्येच इकडं डॉक्टरांचं काही दुखलं खुपलं तर लगेच परत यायची सोयही हवी होती. "दुसऱ्याच्या गाडीला घाई असती, भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "बसलं न बसलं की उठावं लागतं." त्यानंतर त्यांनी व्हॅन मागितली नाही.

त्या कधी नवऱ्यावर ओरडल्या असतील तर मला माहीत नाही. एकदाच मी त्यांना गाडी विकण्यावरून बोलताना ऐकलं. डॉक्टर ओरखड्यावर बोट फिरवत मला विचारत होते, की हा बुजवला तर ती फसवणूक होते का. वहिनी दारातून म्हणाल्या, "घेणाऱ्याची एवढी काळजी. तो कोण हाय ते अजून म्हाईतसुदिक न्हाय." डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. त्यांना वाटलं, त्या कौतुकानं बोलल्या.

आश्विनातली पौर्णिमा आमच्या गावाची परीक्षा असते. सोलापूरकडून, कर्नाटकाकडून माणसं रात्रंदिवस चालत येतात. रस्ते बंद, रिक्षा बंद, गावात चालायला जागा नाही. लॉजच्या जिन्यावर माणसं झोपलेली असतात. त्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काचेची मोटर आली. डॉक्टरांचा आनंद काय सांगू! मिस्त्री कसाबसा गर्दीतून आला, डावं दार उघडून त्याचं सगळं पोट बाहेर काढलं, पुढची सीट काढून शेडमध्ये भिंतीला टेकवली. मोटर बसेना. दुसरा एक भाग लागणार होता. "पौर्णिमा झाली की आणतो," म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अणदूरहून भाच्याचा फोन आला. अक्काचं काही खरं नाही. शुद्धीवर आहे, पण सारखं "शकू आली का?" विचारतेय.

माझी व्हॅन माणसं आणायला सोलापूरला गेलेली, रस्ता बंद म्हणून तिकडंच अडकलेली. ओळखीच्या सगळ्यांना फोन झाले. गाडी आहे तर चालक नाही, चालक आहे तर गाडी अडकलेली. डॉक्टर शेडमध्ये गेले, त्या उघड्या दाराकडं आणि भिंतीला टेकवलेल्या सीटकडं बघत उभे राहिले. मी त्यांना तिथून ओढून आणलं. त्या घटकेला मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं, रागानं म्हणा की कशानं म्हणा.

शेवटी झेंडूची फुलं उतरवून एक रिकामा टेम्पो नळदुर्गाकडं परत निघाला होता, तो मिळाला. चालकाशेजारची जागा उंच. वहिनींना पाय उचलून चढता येईना. मग मी लॉजमधली प्लास्टिकची खुर्ची आणली. वहिनींना त्यावर बसवलं आणि आम्ही चौघांनी खुर्चीसकट त्यांना टेम्पोच्या हौद्यात चढवलं. हौद्यात झेंडूच्या पाकळ्या आणि गोणपाट. डॉक्टर खाली बसले आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे पाय धरून राहिले. वहिनींनी दाराच्या मागची पिशवी मांडीवर घेतली होती. टेम्पो हलला तेव्हा त्यांनी एका हातानं फाळका धरला आणि सरळ समोर बघत राहिल्या.

पुढचं मला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं. समोरून चालत येणाऱ्या माणसांची रीघ संपतच नव्हती. टेम्पो पावलापावलानं सरकत होता. हौद्यात खुर्चीवर बसलेली म्हातारी, पायाशी खुर्ची धरून बसलेला नवरा, भोवती झेंडू. लोकांना वाटलं, काहीतरी कडक नवस असणार. माणसं बाजूला होऊन हात जोडत होती. "आई राजा उदो उदो" म्हणत होती. कुणी खुर्चीवर कुंकू टाकलं. वहिनींनी कुणाकडंच बघितलं नाही.

अणदूरला पोचले तेव्हा अक्का गेली होती. फार वेळ झाला नव्हता. अक्काची सून म्हणाली, बोलणं थांबलं तरी शेवटपर्यंत त्यांची नजर दाराकडंच होती.

वहिनी तेराव्यापर्यंत तिथंच राहिल्या. दोन वर्षं ज्यांना चार दिवस राहायला मिळालं नाही, त्यांना असं राहायला मिळालं. डॉक्टर अधूनमधून इकडं यायचे. एकदा लॉजच्या काउंटरवर येऊन म्हणाले, "गिऱ्हाईक बघा." बाही खाली, मनगटापर्यंत. मी आधी ओळखलंच नाही काय बदललंय ते.

सोलापूरच्या त्या हॉटेलवाल्या पोराला मीच फोन केला. त्यानं अजून दुसरी घेतली नव्हती. मिस्त्रीनं सीट परत बसवून दार जसंच्या तसं बंद केलं होतं, काच अर्ध्यातच होती. पोरगा आला, गाडीभोवती फिरला. "काका, दुरुस्ती झाली का मग?"

डॉक्टर बोलेनात. बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. शेडच्या पत्र्याकडं बघत उभे होते. ज्या माणसानं खोडी सांगून सांगून माझ्या डोक्याचा भुगा केला, त्याचं हे गप्प बसणं मला सहन झालं नाही. शेवटी मीच म्हणालो, "काच अडकती. दिवा पेटतो. मागं ओरखडा हाय. वळताना कुरकुरती."

"एवढंच ना?" पोरगा म्हणाला. "मागंच सांगितलं होतं की तुम्ही. जुन्या गाडीला एवढं असतंच."

एवढंच! मला त्या पोराच्या नाही, डॉक्टरांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. एवढ्याचसाठी का हो तुम्ही त्या बाईला दोन वर्षं दारात बसवून ठेवलंत?  हे तोंडावर म्हणायची गरज पडली नाही. चावी त्यांनी हातात न देता भिंतीजवळच्या फळीवर ठेवली, ती त्या पोरानंच वाकून उचलली.

पुढच्याच आठवड्यात उंच गाडी आली. पांढरी, कोरी, चार दारांची. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण माझ्या अगदी ओठावर आली होती, पण गिळली. डॉक्टरांनी सुताराकडून एक लाकडी पायरी करून घेतली, तिला रबर लावलं. सीटची उंची वहिनींच्या गुडघ्याला मापून घेतली. माझ्या शेडमध्ये ते रोज संध्याकाळी गाडी पुसायचे, पायरी ठेवायचे आणि दार उघडून उभे राहायचे. वहिनी बाहेर यायच्या नाहीत. कधी गुडघा, कधी डोकं, कधी "आज नको". दवाखान्यात जायचं झालं तर त्या माझी व्हॅन मागायच्या. मी व्हॅन काढून द्यायचो.

ती दोघं नाशिकला जायच्या आधीची संध्याकाळ मला दिसते. लेक सामान न्यायला आली होती. वहिनी काठी टेकत टेकत शेडपर्यंत आल्या. मला वाटलं, आता बसतील. त्यांनी सीटवर तळवा ठेवून दाबून बघितलं. पायरीवर काठी आपटून बघितली.

"उंची बराबर हाय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा फुलला. "चल की मग. जाताना अणदूरवरनं जाऊन यिऊ. वाट वाकडी झाली तरी चालंल."

"अणदूरला?" वहिनींनी त्यांच्याकडं बघितलं. रागानं नव्हे. रस्ता चुकलेल्या माणसाकडं बघावं तसं. "कुणाकडं?"

आणि काठी टेकत त्या परत घराकडं गेल्या.

डॉक्टर उघड्या दाराजवळ उभे राहिले. मी लॉजच्या मागच्या जिन्यावर होतो. त्यांनी मला बघितलं असावं, कारण थोड्या वेळानं मान वर न करताच म्हणाले, "सुभाषराव, लई बारकाईनं तपासली. ह्या गाडीत एकबी खोड न्हाय."

मी "बरं" म्हणालो.